सागवानी हाडांची मोटार

पाटोद्याजवळच्या एका शेतात, पत्र्याच्या शेडखाली मी उभी आहे. मी एक जुनी मोटार. वय नव्वदीला टेकले आहे.

मित्रांनो, माझा जन्म दोनदा झाला. पहिला विलायतेत. तिथे मला सहा सिलिंडरांचे इंजिन, पोलादी चौकट आणि चार चाके एवढेच मिळाले. तशीच उघडीवाघडी मी बोटीने मुंबईला आले. तिथल्या कारखान्यात सुतारांनी सागवानाचे खांब आणि कमानी एकमेकांत गुंतवून माझा सांगाडा उभा केला. कारागिरांनी त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून बसवला. माझ्या मडगार्डची गोलाई साच्यातून निघालेली नाही, एका माणसाच्या मनगटातून उतरली आहे.

जमीनदार बबनरावांनी मला गावी आणले. पुढे त्यांनी आपल्या लेकीला, वनमालाला, सतराव्या वर्षी मला चालवायला शिकवले. पोरगी मोटार हाकते म्हणून गावात कुजबुज होई. बबनराव ते ऐकून न ऐकल्यासारखे करत.

एका दुपारी धुळाजी धनगर धावत आला. त्याची बायको कडूबाई सकाळपासून अडली होती. बबनराव तापाने फणफणलेले. मग वनमालानेच मला बाहेर काढले, कडूबाईला मागच्या गादीवर निजवले आणि बीडचा रस्ता धरला. धुळाजी काही केल्या गादीवर बसेना. दाराखालच्या पायदानावर उभा राहून आला. मांजरसुंब्याच्या घाटात माझ्या रेडिएटरला उकळी फुटली. धुळाजीने जवळच्या वस्तीवरून घागरभर पाणी आणले, पण वनमालाने त्याला अडवले.

"अक्का, कावून थांबलाव?" धुळाजीने घागर पुढे केली.

"तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर ते चिरतं, धुळाजी. मग इथंच बसावं लागंल."

इंजिन निवेपर्यंत ती कडूबाईचा हात धरून बसली. एवढी लांब घटका मी दुसरी पाहिली नाही. दवाखान्यात कडूबाईला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

पुढे वनमाला लग्न होऊन तेलगावला गेली. घरात जीप आली आणि मी शेडमध्ये. माझ्या गाद्यांवर कोंबड्या अंडी घालू लागल्या, आतल्या एका खांबाला वाळवी लागली.

यंदा बबनरावांचा नातू विजयसिंह याने ठरवले की, माझे टप, म्हणजे छप्पर, कापून मिरवणुकीत ट्रॅक्टरमागे ओढायला उघडी गाडी करायची. त्याने गहिनीनाथ सुताराला बोलावले. गहिनीनाथने बोटाच्या पेराने मला जागोजागी वाजवून पाहिले.

"दादा, टप कापलं तर दारं बसायची न्हाईत. आतलं लाकूड एकमेकाला धरून हाय. एकच खांब गेलाय, त्यो बदलतो."

"मिरवणूक जवळ आली. तू काप," विजयसिंह म्हणाला.

माहेरी आलेली वनमाला हे ऐकत होती. आता ती ब्याऐंशी वर्षांची आहे. ती माझ्या स्टिअरिंगमागे येऊन बसली.

"विजू, तुला घाटातली गोष्ट कुणी सांगितली का?"

"न्हाई, आत्या."

तिने ती सांगितली. विजयसिंहाने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. मग गहिनीनाथला म्हणाला, "खांबाला सागवान कुठं मिळंल?"

इंजिन मात्र जाम झाले आहे. मी आता चालत नाही.

जुना खांब निघाला, तेव्हा त्याच्या शाबूत टोकावर पेन्सिलीने लिहिलेले दिसले: 'डावा, पुढचा'. मुंबईच्या कुणा सुताराचे अक्षर. गहिनीनाथने नवा खांब तासला आणि पत्रा चढवण्याआधी त्याच जागी तेच दोन शब्द लिहिले.

"आत कोण वाचणार रे ते?" वनमालाने विचारले.

"पुढचा सुतार," तो म्हणाला.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे फार काही मागत नाहीत. आम्हाला त्या पुढच्या सुतारापर्यंत पोहोचू द्या.