दिवंगत रंगाऱ्याची भिंत

लेकीने स्वतःहून फोन केला तेव्हा रंगाऱ्याला आकाश ठेंगणं झालं. सात वर्षं पोरीने घराचं तोंड पाहिलं नव्हतं. आता ती मोठी कलाकार झाली होती आणि तिच्या प्रदर्शनाला भिंत हवी होती, तीही बापाच्याच हातची.

"बाबा, भिंतीच्या भेगांत लांबी भरावी तर तुम्हीच," ती म्हणाली, आणि एवढ्यावरच म्हातारा पाघळला.

काम मात्र जगावेगळं. रोज दुपारी ती लोकांसमोर तासभर नखांनी त्या भिंतीचा रंग खरवडायची, मुकाट्याने, बोटं सोलवटेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाऱ्याने खड्डे बुजवायचे, पॉलिश पेपर मारायचा, रंगाचा हात द्यायचा, की बाईसाहेब पुन्हा खरवडायला मोकळ्या. चांगल्या भिंतीची ती दशा बघून त्याचा जीव तुटायचा. तरी तो लेकीच्या बोटांसाठी खिशात मलम घेऊन यायचा. त्याला एकच हवं होतं. एकदा तिने चारचौघांत म्हणावं, हे माझे बाबा.

चौथ्या दिवशी आठवणीने चष्मा आणला, म्हणून दाराजवळची पाटी वाचता आली. 'कलाकाराचे दिवंगत वडील रंगारी होते. त्यांच्या हरवलेल्या स्पर्शाचा हा शोध.' 'दिवंगत' त्याने दोनदा वाचलं.

"अगं, मी जिवंत आहे ना?"

"बाबा, हे संशोधन आहे," बोटांना पट्ट्या गुंडाळत ती म्हणाली. "त्यात तुमचं नसणंच महत्त्वाचं आहे. लोकांसमोर मी तुम्हाला काका म्हणेन. चालेल ना?"

दुसरा कुणी असता तर रंगाचा डबा त्या पाटीवर उपडा केला असता. हा "चालेल" म्हणाला. सात वर्षांनी पोर परत दिसली होती, ती पुन्हा हातची घालवायची नव्हती.

शेवटच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून मागे उभा राहिला. आज तरी सांगेल, असं त्याला वाटत होतं. खरवडणं संपलं. लोक डोळे पुसत होते. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईला त्याच्या नखांतला पांढरा रंग दिसला.

"काका, तुम्ही ओळखत होता का हो हिच्या वडिलांना?"

सगळे वळले. लेक गर्दीतून थेट त्याच्याकडे आली. म्हाताऱ्याने शर्टाची कॉलर सारखी केली. तिने रेकॉर्डर त्याच्या तोंडाजवळ धरला.

"बोला ना, काका. कसे होते ते?"

"कामाला चोख होता. लेकीवर फार जीव त्याचा."

"आणि गेले कशाने?" हे लेकीनेच विचारलं.

त्याने तिच्याकडे बघितलं.

"पाटी वाचून."

तिने क्षणभर ओठ दाबले. मग रेकॉर्डरचा लाल दिवा तपासला.

"छान. पुन्हा एकदा म्हणा, काका. जरा मोठ्याने."

आणि तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने.