मोंतेहारांचा थोरला

डॅडी, म्हणजे गुस्तिन मोंतेहार, मारधाडीच्या सिनेमांचे नायक. मम्मी त्यांची नायिका. माझा थोरला भाऊ आर्मिन चौथीत होता तेव्हाच पडद्यावर आला. शाळा जवळजवळ सुटलीच. दुसरं काही करता येतं, हे त्याला कुणी सांगितलंही नाही.

विशीत डॅडींनी त्याला नायक करून दोन सिनेमे काढले, दोन्ही आपटले. चेहरा बापाचा आहे पण धग नाही, असं लोक म्हणायचे. मग मालिकांमध्ये कधी नायिकेचा भाऊ, कधी वकील. तरी तो आस लावून होता. डॅडींचा सगळ्यात गाजलेला सिनेमा कधीतरी पुन्हा निघेल, आणि तेव्हा ती भूमिका आपलीच. चाळिशीतही त्यासाठी पहाटे धावायचा, भात सोडला होता.

सिनेमा निघाला. एका रविवारी आम्ही मम्मीकडे सिनिगांग, म्हणजे माशाचं आंबट कालवण, जेवत असताना डॅडी आले, बरोबर ड्वेन. ड्वेन त्यांच्या दुसऱ्या बाईचा मुलगा. आम्हाला ठाऊक होता, पण या घरात कधी आला नव्हता. नायक ड्वेन करणार, डॅडींनी बसता बसता सांगून टाकलं. आर्मिनला खलनायक, मोठं काम आहे. मम्मीने ड्वेनला मासा वाढला.

मी आर्मिनला म्हटलं, नाही म्हणून सांग.

"मग काय करू, लिझेल? मला दुसरं येतं काय?"

खलनायक मरतो त्या दिवशी मी सेटवर होते. आर्मिन असा काही मेला की दिवे सांभाळणारी माणसंसुद्धा काम सोडून बघत राहिली. इतकं चांगलं काम मी त्याचं कधी पाहिलं नव्हतं. डॅडी दिग्दर्शकाच्या खुर्चीतून उठून त्याच्याजवळ गेले.

"छान केलंस, बाळा. पण एवढं नको. लोकांनी ड्वेनकडे बघायला पाहिजे. तोंड मातीकडे कर."

तोच प्रसंग पुन्हा घेतला तेव्हा तो तोंड मातीत घालून पडला. कट म्हटल्यावरही बराच वेळ उठला नाही.

नाताळात सिनेमा तुफान चालला. पोस्टरवर आर्मिन नव्हता. त्यानंतर बोलावणी आटली. तो जिन पिऊ लागला, गावोगावच्या जत्रांत गाऊ लागला. गेल्या मे महिन्यात नुएवा एसिहा प्रांतातल्या एका जत्रेत निवेदकाने त्याची ओळख ड्वेनचा भाऊ म्हणून करून दिली. त्याने हसून हात हलवला आणि दोन गाणी म्हटली.

परतताना गाडीत मी म्हटलं, "पुरे झालं, दादा. अंतिपोलोला ये, माझी बेकरी सांभाळ."

"बेकरीत मला बघणार कोण?" तो म्हणाला, आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

आता तो मम्मीकडेच राहतो. जत्रावालेही विचारत नाहीत. रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनजवळ बसतो. मम्मी त्याच्यापुढे कॉफी ठेवते.