धगपुरावर तिसरी फौज

"सर, दुसऱ्या ग्रहावरच्या ज्वालामुखीत खाण सापडली, तर सातबारा कोणाच्या नावावर निघेल?"

मित्रांनो, या प्रश्नातून माझा जन्म झाला. शहाद्याच्या एका शाळेत, नववीच्या वर्गात, भूगोलाच्या तासाला. प्रश्न विचारणारी मुलगी मयूरी. पण तिनं तो काही आपल्या मनानं विचारला नव्हता. सदफ आणि नूतन या तिच्या मैत्रिणींनी मागच्या बाकावरून पैज लावली होती, की तू विचारूच शकत नाहीस. तसं त्यांचंही चुकलं नव्हतं. तोवर मयूरी हजेरीला 'उपस्थित' म्हणायची तेसुद्धा फक्त शेजारणीला ऐकू जायचं.

वर्ग खो खो हसला. इंद्रसिंग सर मात्र हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि थोडा विचार केला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "तू असं कर, शहर बांध. मग बघू कोण कोण येतं हक्क सांगायला. जानेवारीत प्रदर्शन आहेच."

तर मी ते शहर. मी एक जुनं, ज्वालामुखीच्या उतारावर वसलेलं खाणीचं शहर आहे. माझं नाव धगपूर आणि वय तीनशे वर्षं. तुमच्या कॅलेंडरनं तीन महिनेसुद्धा पुरते होत नाहीत, पण आमच्याकडे एक रविवार म्हणजे पंचवीस वर्षं असा नियम आहे, आणि नियम मयूरीनं केलेला असल्यामुळे त्यावर चर्चा नाही.

माझा देह चिपाडाचा आहे. मयूरीच्या वडिलांचं, म्हणजे हेमराज आबांचं, तापीकाठच्या गावात गुऱ्हाळ आहे. उसाचा रस काढला की उरतं ते चिपाड, आणि ते वाळलं की जातं भट्टीत. म्हणजे बघा, मी जन्मानं जळणच. मयूरीनं भट्टीच्या ढिगातून माझ्यापुरतं चिपाड उचललं, कुटलं, जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्यात कालवलं. तिची माय रंजनाबाई हिनं त्यात मेथीचं पीठ घातलं. कागदाच्या टोपल्या करताना घालतात तसं, चिवटपणा यावा म्हणून. प्लायवूडच्या फळीवर डोंगर उभा राहिला. डोंगराला तोंड, तोंडात खोल विहीर. उतारावर दोऱ्याच्या रिळांचे मनोरे, बोरूच्या नळ्यांचे बोगदे, सुतळीवरून ये-जा करणाऱ्या खनिजाच्या टोपल्या. आठ दिवस मला मेथीच्या भाजीसारखा वास येत होता. त्याबद्दल तक्रार नाही.

माझ्या पोटात तापक नावाचा धातू आहे. त्याशिवाय कुठलंच यान एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्याकडे जाऊ शकत नाही. म्हणून दोन तारामंडळं माझ्यासाठी भांडतात. एकीकडून मंगळा ग्रहाचं सैन्य येतं, ते चिंचोक्यांचं, सेनापती मयूरी. दुसरीकडून जोहरा ग्रहाचं, ते काचेच्या निळ्या मण्यांचं, सेनापती सदफ. सदफच्या घरी शुक्राच्या चांदणीला जोहरा म्हणतात, तिथून नाव आलं. यानं म्हणजे पेनांची टोपणं. मधे माझे चाळीस खाणकामगार, तुरीचे दाणे. फासा टाकायचा, पुढे सरकायचं, मनोरा घ्यायचा. पण सहा पडले की ज्वालामुखी जागा होतो आणि दोन्ही फौजांना सात घरं मागे पळावं लागतं. तुरीचे दाणे तेवढे जागचे हलत नाहीत. त्यांना गरमीची सवय आहे.

सदफ शहाद्याची, मग ती दर रविवारी गावात कशी? तिचे अब्बू शौकतभाई थंडीच्या दिवसांत गावोगाव गाद्या-रजया भरायला जातात. दर रविवारी त्यांची पिंजण्याची मशीन आमच्या पाराजवळ लागायची, आणि सदफ त्यांच्या टेम्पोतून उतरून थेट गुऱ्हाळाच्या छपराखाली यायची. मग काय विचारता. एका रविवारी मी मंगळाच्या ताब्यात, पुढच्या रविवारी जोहराच्या. अकरा वेळा मी जिंकला गेलो. सकाळी ज्या मनोऱ्यावर चिंचोका असायचा, त्यावर दुपारी मणी चमकायचा. गावातली पोरंबाळं भोवती बसून ओरडायची. हजेरीलासुद्धा न ऐकू येणारी मयूरी "मंगळा, मागे हटू नका" असं म्हणायची, ते पारापर्यंत जायचं. शौकतभाई मशीन बंद करून विचारायचे, "कौन मरा?"

खरं सांगतो, युद्ध इतकं चांगलं असतं हे मला माहीत नव्हतं. कोणी मेलं नाही. फक्त एक चिंचोका शेळीनं खाल्ला.

पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठरलेली होती, आणि मी ती विसरलो नव्हतो. आबांनी तेव्हाच सांगितलं होतं, "परदर्शन व्हयनं का मंगळवारले भट्टी पेटस. छप्पर मोकळं पाहिजे. हाई चिपाड बी मंग भट्टीमाच."

"घरात ठेवू," मयूरी म्हणाली होती, हळूच.

"घरमा जागा कोठे शे? कांदा भरेल शेत तठे."

म्हणजे प्रदर्शनापर्यंतच माझं आयुष्य. बारावा रविवार हा शेवटचा, सोमवारी प्रदर्शन, मंगळवारी भट्टी.

आणि नेमक्या त्या बाराव्या रविवारच्या आदल्या दिवशी मयूरीनं घोटाळा केला. ज्वालामुखी आहे, पण लाव्हा नाही, हे तिला खुपत होतं. शिवाय त्या वेळी मी जोहराच्या ताब्यात होतो, हे त्याहून जास्त खुपत होतं. शहरातल्या मुलीनं लाल रंग आणला असता. गुऱ्हाळवाल्याच्या मुलीच्या हाताशी काय? काकवी. उसाचा रस आटवून आटवून दाट झालेली, मधासारखी, काळसर सोनेरी काकवी. मायच्या फडताळातली मागच्या वर्षीची अख्खी बरणी तिनं माझ्या तोंडात ओतली. काय तो लाव्हा, मित्रांनो. उतारावरून सावकाश ओघळत, चमकत, सदफचे सतरा मणी गिळत तो खाली आला. माझ्या तीनशे वर्षांत मी इतका देखणा कधीच दिसलो नव्हतो. मयूरी खूश होऊन घरी गेली.

रविवारी सकाळी सदफ आली, तेव्हा मी काळा होतो. आणि हलत होतो.

तिसरी फौज आली होती. मुंग्या. रांगा छपराच्या खांबावरून उतरून, फळीवर चढून, बोगद्यांतून, रिळांच्या मनोऱ्यांवरून, सुतळीच्या टोपल्यांतून. दोन तारामंडळांना अकरा लढायांत जमलं नव्हतं ते त्यांनी फासा न टाकता केलं होतं. माझं तोंड, माझे बोगदे, माझा शेवटचा गल्लीबोळ त्यांच्या ताब्यात होता. आणि काकवीनं मऊ झालेलं माझं चिपाड त्या कुरतडत होत्या, तेही कळत होतं. बाहेरून गुदगुल्या व्हायच्या, आतून मी पोकळ होत होतो.

"हे काय केलंस?" सदफ म्हणाली. "माझे मणी कुठेत?"

"लाव्ह्यात गेले."

"मी सहा टाकले नव्हते. तूही टाकले नव्हतेस. हे चीटिंग आहे, मयूरी."

तेवढ्यात माय आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मन्ही काकवीनी बरणी कोठे गई म्हणी मी सकायपासून धुंडी ऱ्हायनी. आनि आठे तू मुंग्यास्नं लगीन लाई ऱ्हायनी का?"

मयूरी कपाशीचा फवारणी पंप आणायला धावली. तो पंप माझ्यावर चालला असता, तर मुंग्या गेल्या असत्या आणि मीही विरघळलो असतो. सदफनं तिची ओढणी धरून तिला थांबवलं.

"थांब ना. त्यांना शहर नकोय. तुला हवंय, मला हवंय. त्यांना फक्त गोड हवंय. त्यांना दुसरी खाण दे."

मग दोघींनी मायकडे बघितलं. माय घरात गेली आणि गुळाचा एक मोठा खडा घेऊन आली. "मारानं नही मातर," ती म्हणाली. "मुंगीले साखर घालतस आपन, दवाई नही."

खांबाच्या पायथ्याशी गूळ ठेवला. माझ्या कडेपासून गुळापर्यंत उसाचं अख्खं दांडकं टाकलं, पुलासारखं. मग दोन सेनापती शेजारी शेजारी बसल्या आणि चमच्यानं माझ्या तोंडातली काकवी खरवडायला लागल्या. चमचाभर काकवी पुलावर, चमचाभर पुढे, अजून पुढे. दुपारपर्यंत पहिली रांग वळली, चार वाजेपर्यंत सगळी फौज. एकही मुंगी मेली नाही. दोन चावल्या, दोन्ही मयूरीला. सदफ म्हणाली, "सतरा मण्यांचे सतरा चावे. पंधरा अजून बाकी आहेत."

त्यावर मयूरी हसली, मग म्हणाली, "चुकलं माझं." हे तिनं मोठ्यानं म्हटलं. मी साक्षीला आहे.

मण्यांना कोमट पाण्यानं आंघोळ घातली आणि ते सदफला परत मिळाले. माझी कुरतडलेली भोकं मेथीच्या लगद्यानं बुजली. शौकतभाई कामं आटोपून आले, त्यांनी मला चारी बाजूंनी पाहिलं आणि मूठभर पिंजलेला कापूस माझ्या तोंडावर ठेवला. "आग नहीं तो धुआँ सही," म्हणाले. तो धूर मला लाव्ह्यापेक्षा शोभला. मग त्यांनी मशीन टेम्पोत चढवली. त्यांचा तो या गावातला शेवटचा रविवार होता. रजयांचा मोसम संपला होता. सदफ टेम्पोत बसली, तिचाही तो शेवटचाच.

सोमवारी प्रदर्शनात माझ्यापुढे सर्वांत जास्त गर्दी होती. शेजारी पाण्याचं चक्र, सौर चूल, हृदयाची प्रतिकृती, सगळी मोठी माणसंच म्हणा, आणि मी आपलं कापसाचा धूर सोडणारं धुराडं. "कोण जिंकलं?" असं प्रत्येकजण विचारत होता. सदफ सांगायची, "सध्या मुंग्या पुढे आहेत." मयूरी तर नुसती सुटली होती. पाहुण्यांना, पोरांना, शिपाईकाकांना, सगळ्यांना एकाच दमात युद्ध सांगत होती. दुसरा नंबर आला. बक्षीस देणाऱ्या बाई म्हणाल्या, "किती सुंदर. हे कार्यालयातल्या काचेच्या कपाटात ठेवा, म्हणजे कोणी हात लावणार नाही."

काच म्हणजे भट्टी नव्हे, हे मला कळत होतं. मी वाचलो असतो. पण फासा पुन्हा वाजला नसता.

"नको बाई," मयूरी म्हणाली. मान खाली न घालता म्हणाली. "त्याला लढाई लागते."

इंद्रसिंग सरांनी खिडकीबाहेर बघितलं. ते हसत होते असं मला वाटतं.

मित्रांनो, थोरामोठ्यांसारखी शिकवण द्यायची माझीही वेळ आली आहे, तर देतो. ज्वालामुखीत गोड ओतू नका. जी वस्तू तुम्ही हातानं केली, तिची धूळ झटका, भोक पडलं तर बुजवा. पण हात लावायला भिऊ नका. जपणं म्हणजे दूर ठेवणं नव्हे. आणि कोणी तुमच्या घरात शिरलं, तर त्याला नेमकं काय हवंय ते आधी बघा. बऱ्याचदा त्याला घर नको असतं.

संध्याकाळी भाग्येशच्या, म्हणजे मयूरीच्या चुलतभावाच्या मोटारसायकलवर, तिच्या मांडीवर बसून मी गावी परतलो. कापूस थोडा उडाला. छपराखाली आबा भट्टीचं तोंड साफ करत होते आणि माय कढईला राख घासत होती. चिपाडाचा ढीग भट्टीशी लावून ठेवला होता. माझ्यापुरती जागा त्यात दिसत होती.

"ठेव तठे," आबा म्हणाले. "सकायले पेटाडसूत."

मयूरीनं मला खाली ठेवलंच नाही.

"आबा, माय, आयकी ल्या," ती म्हणाली. "हाई शहर भट्टीमा जावाव नही. पंधरा दिन आपला घर ऱ्हाई, कांदास्नावर फळी बसाडसू मी. पंधरा दिन सदफना घर ऱ्हाई. तठे पोचाडाले मीच जासू, दर दुसरा रविवारले, यष्टीमा, एकली. जेवसू बी तठेच."

आबांचा हात भट्टीच्या तोंडात तसाच राहिला. माय कढई घासायची थांबली.

"मी इचारी नही ऱ्हायनी," मयूरी म्हणाली. "मी सांगी ऱ्हायनी."