डावी चप्पल थोडी तिरकी

सूर्यकांत गेले त्याला दीड महिना झाला होता, आणि त्यांची बायको रोज दुपारी चारला त्यांना आणायला निघत होती.

सरावलीतल्या घरापासून रूळ दहा मिनिटांवर. आई पदर खोचायची, खुंटीवरची पिशवी घ्यायची आणि रुळांपलीकडच्या सिग्नल केबिनकडे चालू लागायची. तिथे पप्पांनी चौतीस वर्षं नोकरी केली होती. मंगळवारी एका गँगमनने तिला मालगाडीच्या पुढ्यातून हाताला धरून ओढलं. घरी पोचवताना तो त्यांच्या मुलीला, नयनाला म्हणाला, "ताई, आज मी होतो. उद्यापासून मी वाणगावला."

त्याच दिवशी तिच्या भावाचा, दिपकचा वापीहून फोन आला. "सोमवारी गाडी घेऊन येतो. आईला ठेवायला वलसाडला सेंटर बघून ठेवलंय, चांगलं आहे."

"ती राहील तिथे?"

"आणि इथे राहून रुळावर गेली तर? तू किती दिवस रजा काढणार, नयना?"

भाऊ चूक बोलत नव्हता, हीच अडचण होती. आईच्या डोक्यातून दोन वर्षांपासून एकेक गोष्ट निसटत चालली होती. पप्पांचं जाणं तर तिथे टिकतच नव्हतं. नयनाने तिला एकदा खरं सांगून पाहिलं. आई त्या क्षणी विधवा झाल्यासारखी रडली. तासाभराने विसरली, पुन्हा विचारलं, पुन्हा तितकीच रडली. एका दिवसात तीनदा. चौथ्यांदा सांगायची नयनाची छाती झाली नाही. मग तिने दाराला कुलूप लावलं. आई तळहाताने दार बडवत राहिली, हात सुजेपर्यंत.

पप्पा सिग्नल दुरुस्त करायचे. बिघाड आला की पोरं पाना-पक्कड घेऊन धावायची आणि हे आधी बिडी पेटवून बघत बसायचे. "कालपर्यंत चालू होतं ना? मग काल आणि आजमध्ये काय बदललं, ते सांग आधी." घरातला मिक्सर बंद पडला तरी हेच. लहानपणी नयनाला त्याचा राग यायचा.

बुधवारी तिने एक वही घेतली आणि आईवर नजर ठेवून लिहू लागली. तिला वाटलं होतं, गाडीच्या भोंग्याने आई उठत असेल. पण भोंगा वाजून गेला आणि आई शांतपणे पापडी सोलत राहिली. मग वाटलं, चहाची वेळ. चहा उशिरा केला, तरी आई निघालीच. नयना तिच्या मागोमाग रुळांपर्यंत गेली आणि गोड बोलून तिला परत घेऊन आली.

घरी आल्यावर तिने वहीच्या मागच्या पानावर आठवून आठवून तारखा मांडल्या. पप्पा गेल्यानंतरचे पहिले तेरा दिवस आई एकदाही बाहेर पडली नव्हती. घर माणसांनी भरलेलं होतं म्हणून, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. पण सातव्या दिवशी दुपारी घरात दोघीच होत्या. तेव्हाही नाही. ती पहिल्यांदा गेली चौदाव्या दिवशी.

तेराव्याला काय बदललं?

गुरुवारी चार वाजता आई दाराशी आली तेव्हा नयनाने तिच्या पावलांऐवजी तिचे डोळे पाहिले. आई रस्त्याकडे बघत नव्हती. ती खाली बघत होती, उंबऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात.

"अजून आले नाहीत हे," आई म्हणाली आणि पदर खोचला.

त्या कोपऱ्यात पप्पांच्या चपला असायच्या. तेराव्याला रीत म्हणून नयनानेच त्या छत्रीसकट देऊन टाकल्या होत्या. गेलेल्या माणसाचं पायातलं घरात ठेवू नये, असं नातेवाईक म्हणाले, आणि तिलाही त्या बघवत नव्हत्या.

शुक्रवारी सकाळी डहाणूच्या बाजारातून तिने तशाच चामड्याच्या, आठ नंबरच्या चपला आणल्या आणि कोपऱ्यात ठेवल्या. आईने पाहिलं आणि आत वळली.

"पाहुणे कोण आलेत गं? कपभर जास्त टाक चहा."

चहा पिऊन ती पुन्हा पिशवी घ्यायला उठली.

शनिवारी शेजारच्या शितलला आईजवळ बसवून नयना तलासरीला आणि तिथून शेअर रिक्षाने वेवजीला गेली. लाहू रेल्वेत पप्पांच्या हाताखाली खलाशी, म्हणजे मदतनीस होता. जुन्या चपला त्यालाच दिल्या होत्या. तो अंगणात कुंपण बांधत होता, आणि चपला त्याच्या पायात होत्या, चिखलाने माखलेल्या. नयनाने मान खाली घालून सगळं सांगितलं.

लाहूची बायको नवशी दारातून म्हणाली, "मेलेल्या माणसाच्या नावाने दिलेलं परत मागायला आलीस? शिकलेली ना तू बाय?"

"गप गं," लाहू म्हणाला. मग त्याने पायातल्या चपलांकडे बघितलं. "परत नको घेऊ. नवशी बोलते ते खरं आहे. बदली कर. साहेब खराब पार्ट काढायचे ना, तर दुसरा बसवल्याशिवाय जागा सोडायचे नाय. तू आणलेली नवी दे मला."

नव्या चपला तिने पिशवीतून काढल्या. नवशीने त्या दाबून पाहिल्या. "चावतील तुला."

"चावूं दे. साहेब पण चावायचे."

तिघंही हसली, आणि लाहूने पायातल्या चपला काढल्या. नवशीने जुन्या चपला धुवायला उचलल्या. नयनाने घाईने तिचा हात धरला. "फक्त पुसून दे."

घरी पोचली तेव्हा चार वाजायचे होते. तिने चपला कोपऱ्यात नीट जोडून ठेवल्या आणि बाजूला उभी राहिली. आई आली. खाली पाहिलं. हात पदराशी जाता जाता थांबला. मग ती गुडघ्यावर हात टेकत वाकली आणि डावी चप्पल थोडी तिरकी केली.

"अशी काढतात हे," ती म्हणाली. "झोपलेत का?"

"हो," नयना म्हणाली.

"मग टीव्ही बारीक कर."

पिशवी खुंटीवरच राहिली. रविवारीही राहिली.

सोमवारी दिपक गाडी घेऊन आला. पायरीवर त्याची नजर खाली गेली आणि तो तिथेच थांबला. मग त्याने बूट काढले, चपलांपासून लांब, भिंतीला लावून. शाळेतून उशिरा यायचा तेव्हा ठेवायचा तसे.

"हळू बोल," आई त्याला म्हणाली. "पप्पा झोपलेत."

दिपकने नयनाकडे पाहिलं. नयनाने वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने ती शेवटपर्यंत वाचली, आणि आईच्या हातचा बिनसाखरेचा चहा प्यायला. निघताना गाडीची काच खाली करून म्हणाला, "वलसाडला फोन करून नको म्हणून सांगतो. पण हे किती दिवस चालेल?"

"आज चाललं," नयना म्हणाली.

गाडी गेल्यावर ती आत आली. हार घातलेला फोटो कपाटात साड्यांखाली होता, तो आता बाहेर निघणार नव्हता. पप्पांचं ऐकून भेटायला येणाऱ्या माणसांना फाटकातच गाठून परत पाठवावं लागणार होतं. आणि ज्या घरात माणूस दुपारचा झोपलेला असतो, तिथे त्याच्यासाठी रडता येत नाही. ती मागच्या मोरीत गेली, नळ पूर्ण सोडला, बादलीत पाणी धो धो पडू लागलं तशी तोंडावर पदर दाबून दीड महिन्याचं एकदम रडली.

"नयना," आतून आईची दबकी हाक आली, "पाणी वाया जातंय गं. यांना आवडत नाही."

नयनाने नळ बंद केला.