सव्वा इंच

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण त्या एवढ्याशा पितळी खिळ्यावर – मास्तर तो खिशातल्या खिशात फिरवत होते, टोक अंगठ्याला, डोकं तर्जनीला – त्या खिळ्यावर आणि त्याच्या अकरा भावंडांवर या शहरातली चार हजार माणसं बेतली गेली होती. न्यायाधीश, बँडवाले, एक इतका लठ्ठ वकील की त्याच्या कोटाच्या उरलेल्या चिंध्यांत त्याच्या कारकुनाचा कोट निघाला... बरं, चार हजार जरा जास्तच झाले. तीन हजार. कारकुनाचं जाकीट. खिळा मात्र खरा.

त्यांनी तो हळूच बाहेर काढून काउंटरच्या कडेशी उजेडात धरला. काळवंडला होता. एका महिन्यात? दाराच्या चौकटीत होता तेव्हा चाळीस वर्षं कसा सोन्याच्या दाण्यासारखा चमकायचा. पितळच अस्सल निवडलं होतं आपण, असं त्यांना वाटत आलं होतं. आता खिशातल्या घामाने झालं असेल. त्यांनी खिळा परत ठेवला आणि दाराकडे पाहिलं – म्हणजे जिथे दार असायचं तिथे. आता नुसती काच होती. माणूस समोर आला की ती आपोआप बाजूला सरकायची, जणू तिलाच घाई.

मास्तरांना लोक ओळखायचे ते शिलाईपेक्षा त्यांच्या डोळ्यासाठी. टेप न लावता माप सांगणारा माणूस. गिऱ्हाईक उंबरठ्यावर आलं की मास्तर खुर्चीतूनच ओरडायचे, "थांबा! तसेच उभे राहा," एक डोळा मिटायचे आणि सांगायचे – छाती बेचाळीस, खांदा अठरा, आणि काल जेवण जरा जास्त झालंय. लोक हसायचे, टेप लावून बघायचे आणि गप्प व्हायचे. ही कीर्ती इतकी पसरली की एकदा एक माणूस फक्त माप ऐकायला आला. कोट शिवायचा नव्हताच त्याला. त्या चौकटीत डावी-उजवीकडे उंचीचे आणि वरच्या पट्टीत खांद्याचे, अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या हिशेबाने ठोकलेले बारा खिळे होते, हे कोणालाच माहीत नव्हतं. मास्तरांची खुर्ची जमिनीला स्क्रूने पक्की होती, कारण दोन बोटं जरी सरकली तरी खिळे आणि खांदे जुळले नसते. एक डोळा मिटायचा तो ऐटीसाठी नव्हे, नेम धरायला. खांद्यावरून छाती, उंचीवरून बाही – बाकीचं सगळं आडाख्याने. म्हणजे डोळा नव्हताच. कधीच नव्हता. मी, ज्याला या शहराने डोळा म्हणून ओळखलं, तो मी बारा खिळ्यांचा माणूस.

गेल्या महिन्यात सूनबाईंनी काचेचं दार बसवलं. मुलाला कात्रीपेक्षा जहाजं आवडली, तेव्हापासून दुकान सूनबाईच पाहत होत्या, आणि चांगलं पाहत होत्या. सुतारांनी जुनी चौकट उखडली तेव्हा मास्तर काही बोलू शकले नाहीत. काय बोलणार? तो कचरा उचलायच्या आधी एक खिळा तेवढा हाती लागला. त्यानंतर दोन कोट परत आले. एकाची बाही मनगटाच्या वर, दुसऱ्याचा खांदा दंडावर उतरलेला. लोक हळहळले – मास्तरांचे डोळे गेले हो. मास्तरांनी तेही चालवून घेतलं. म्हातारपणी डोळे जातात, त्यात अब्रू जात नाही. पण ते नव्हतेच असं निघालं असतं, तर...

आज सकाळी सूनबाईंनी स्टँडवर एक काळी पाटी, टॅबलेट म्हणतात ती, उभी केली होती. दोन फोटो काढायचे, एक समोरून, एक बाजूने, की ती मापं सांगते.

"बाबा, रागावू नका," त्या म्हणाल्या होत्या. "आज एक माप तुम्ही सांगा, एक ही सांगेल. मग टेप लावू. ज्याचं जुळेल त्याच्यावर उद्यापासून कापड कापायचं. तिसरा कोट परत आला तर दुकानाचं नावच जाईल हो."

रागवायला हवं होतं. त्याऐवजी मास्तर सकाळपासून त्या पाटीकडे चोरून पाहत होते.

समोरचा औषधवाला नेहमीप्रमाणे पेपर वाचायला येऊन बसला होता. स्वतःच्या दुकानात त्याला पेपर वाचायला वेळ मिळत नसे, कारण तिथे गिऱ्हाइकं येत. पाटी बघून त्याने पेपर मिटला.

"आली का ही एआय इथेही? मास्तर, सांभाळा. माझ्या मेव्हण्याने बायकोच्या वाढदिवसाला हिच्याकडून पत्र लिहून घेतलं. बायको रडलीच. म्हणाली, अठरा वर्षांत आज पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी बोललात. आता मेव्हणा रोज घाबरलेला असतो, उद्या काय बोलायचं म्हणून."

दार आपोआप सरकलं आणि भूगोलाचे सर आत आले. पुढच्या आठवड्यात ते निवृत्त होत होते. निरोपसमारंभासाठी कोट हवा होता. मास्तरांनी सवयीने "थांबा!" म्हणायला तोंड उघडलं, तोवर सर आत येऊन बसलेसुद्धा. या दारात कोणी थांबतच नाही.

"हिची गोष्ट काढू नका," सर म्हणाले. "माझ्या वर्गात चाळीस मुलांचा निबंध एकच. चाळीस जणांची आजी एकाच मंगळवारी आजारी पडली. आणि खरं सांगू? प्रश्नपत्रिका मीही हिच्याकडूनच काढतो. म्हणजे हीच विचारते, हीच उत्तरं देते, आम्ही मध्ये बसून नुसती हजेरी घेतो."

"सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार ही," औषधवाला म्हणाला.

"तुमची कशी खाईल? तुम्ही तर करतच नाही."

आतल्या पडद्यामागे कोणीतरी हसल्यासारखं झालं. तिथे मास्तरांची बायको काज करत बसलेली असे. लग्न झाल्यापासून तिथेच. तिचं हसू सहसा ऐकू येत नसे, सुई थांबली की समजायचं.

सर उभे राहिले. मास्तरांनी एक डोळा मिटला. समोर काच, काचेपलीकडे रस्ता, रस्त्यावरून जाणारं सगळं... सर कुठे संपतात आणि रस्ता कुठे सुरू होतो, याला आधारच नाही. तरी त्यांनी ठणकावून सांगितलं, "छाती चाळीस. खांदा साडेसतरा. बाही साडेचोवीस."

मग पाटीने दोन फोटो काढले. आवाज नाही, ऐट नाही. मास्तरांना नाकातून श्वास सोडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आकडे ओळीने उतरले, तेवीस मापं. छाती साडेअडतीस, खांदा सतरा, बाही चोवीस. सूनबाईंनी टेप लावला. साडेअडतीस. सतरा. चोवीस.

"असू द्या, बाबा," सूनबाई हळूच म्हणाल्या. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

"हे काय लिहिलंय खाली?" सरांनी वाकून वाचलं. "उजवा खांदा पाऊण इंच खाली." ते सरळ झाले, आपल्याच खांद्याकडे पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "नकाशे. तीस वर्षं नकाशांची गुंडाळी याच खांद्यावरून नेली. जगाची, खंडांची... घरी कोणाला कधी दिसलं नाही हो हे. मलाही."

मास्तर हरले होते, हे त्यांना कळत होतं. आणि तरी छातीत जे भरून येत होतं ते हरल्याचं नव्हतं. लहानपणी जत्रेतल्या दुर्बिणीला पहिल्यांदा डोळा लावला होता, चंद्रावरचे खड्डे दिसले होते आणि मागच्या माणसाने ढकललं तरी ते हलले नव्हते – तसं काहीतरी. एक परका माणूस दोन फोटोंपुरता उभा राहतो आणि त्याने आयुष्यभर उचललेलं ओझं आकडा होऊन समोर येतं. अर्ध्या श्वासात. खिळे नाहीत, चौकट नाही...

"हिला समजतं कसं?" त्यांनी विचारलं. आवाज स्वतःलाच अनोळखी वाटला.

"लाखो माणसांचे फोटो दाखवलेत हिला, मापांसकट," सूनबाई म्हणाल्या. "त्यावरून अंदाज बांधते."

म्हणजे खिळेच! मास्तरांना खुर्चीतून उठून तिला टाळी द्यावीशी वाटली. लाखो माणसांत ठोकलेले खिळे, आणि हीसुद्धा एक डोळा मिटून... बारा खिळ्यांत आपण एक शहर मापलं, हिच्याकडे तर आख्ख्या माणसांची चौकट आहे. आपल्याच धंद्यातली आहे ही. थोरली. फार थोरली.

"तुम्ही उभे राहा ना बाबा," सूनबाई म्हणाल्या. "तुमचं बघू."

मास्तरांचं माप कोणी घेतलं नव्हतं कधी. त्यांचे सदरे, कोट बायको शिवायची, उरल्यासुरल्या कापडातून, टेप न लावता, न विचारता. आणि सगळे वाकडे. खुंटीला टांगला की सदरा एका अंगाला कलायचा. कलत्या सदऱ्यांचा हा किस्सा मास्तरांनी गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितला होता की त्यात रंग भरत भरत एक सदरा आपोआप खुंटीवरून उतरून चालू लागला होता. ती पडद्यामागे बसून ऐकायची. सुई चालू असायची.

फोटो निघाले. आकडे उतरले. सूनबाई वाचता वाचता थांबल्या.

"उजवा खांदा सव्वा इंच खाली."

कात्री. पन्नास वर्षांची कात्री, ती पोलादाची जड कात्री... मास्तर हसणार होते. पण सूनबाईंनी टेप उचलला आणि त्यांच्या अंगातल्याच सदऱ्याच्या शिवणीला लावला, आधी डावीकडे, मग उजवीकडे. पुन्हा एकदा लावला.

"बाबा... हा सदराही सव्वाच इंच उतरता आहे."

मग सूनबाईंनी खुर्चीमागच्या खुंटीवरचा जुना कोट काढला, वीस वर्षांमागचा, आता फक्त धूळ झटकण्यापुरता. टेप. "हा पाऊण." खाली ट्रंकेत मुलाच्या जन्माच्या वेळचं जाकीट होतं. "पाव."

पाव, पाऊण, सव्वा. मास्तर नुसते उभे राहिले. इतकी वर्षं ते एका बाजूला झुकत चालले होते, इतके हळू की त्यांनाही कळलं नव्हतं, आणि कोणीतरी दर सदऱ्याला ते पाहत होतं, तेवढंच कापड कमी करत होतं, वाकडं शिवते म्हणून ऐकून घेत होतं. फोटो नाहीत. लाखो माणसं नाहीत. एकच माणूस, पुन्हा पुन्हा. पाटीच्या आकड्यांनी दिपलेले त्यांचे डोळे आता पडद्याकडे गेले, आणि तिथे पाहायला त्यांची छाती होईना. किती मोठं आहे हे... आणि ते रोज माझ्या पाठीशी बसून काज करत होतं.

"मास्तर, ही काय जादू?" औषधवाला खुर्चीच्या कडेवर आला होता. सरही पाहत होते. सूनबाईही.

दुकान त्यांच्या तोंडाकडे पाहत होतं, आणि पन्नास वर्षांच्या सवयीने तोंड उघडलंच.

"तुम्ही विश्वास ठेवणार नाही," मास्तर म्हणाले, एक डोळा मिटत, "पण ती मापं मीच सांगायचो तिला. आरशात बघायचो स्वतःला, असा, या डोळ्याने, आणि सांगायचो, यंदा एवढं उतरव. तिने आपलं कापायचं. डोळा माझा, हात तिचा. नाहीतर ती बिचारी..."

पडद्यामागे सुई थांबली. दाताने दोरा तोडल्याचा बारीक आवाज आला.

"खोटं," ती म्हणाली.

मास्तरांचा हात खिशात गेला, काळवंडलेल्या खिळ्यावर.

"धडधडीत खोटं. आणि अहो, दर शनिवारी चिंच लावून ते बारा खिळे कोण घासत होतं, असं वाटत होतं तुम्हाला?"