मधली घोंगडी

माघ सरत आला होता. ज्वारी निघून गेली होती आणि मागे उरली होती उघडी, उदास, धूसर रानं. धसकटांच्या टोकाटोकावर मावळतीचं पिवळं ऊन अडकलं होतं. पुढे जायचं त्याला बळ नव्हतं आणि मागे फिरायला वाट नव्हती. नदी वाळूच्या कुशीत अंग आखडून पडली होती. बगळ्यांची एक शुभ्र, संथ माळ पाण्यावरून उठली आणि उडायचाही कंटाळा आल्यासारखी पलीकडच्या काठावर लगेच उतरली.

थकली होती संध्याकाळ. थकलं होतं आभाळ. आणि त्या थकलेल्या आभाळाखालून, पायवाटेच्या मऊ फुफाट्यातून, दुर्पदाबाई आल्हाट चर्चकडे निघाली होती.

तिच्या पुढे, हाकेच्या अंतरावर, तिची थोरली जाऊ ताबिथा चालली होती. पांढरं लुगडं, ताठ मान, उजव्या हातात काठी. डावा हात मात्र वाटेकडेच्या कुंपणावरून सरकत चाललेला. एकाच अंगणातून दोघी निघाल्या होत्या. अंगण एक, चुली दोन. वाट एक, चाली दोन.

'कुंपणालासुद्धा आशीर्वाद देत चालते, राणी माझी,' दुर्पदाबाईच्या मनात आलं. पण त्या टोचण्यातही आज धार नव्हती. बोथट विळ्याने गवत कापावं, तसं ते वाक्य मनातल्या मनात नुसतंच घासलं गेलं.

एरवी दोघींच्या मध्ये शांतवन असायचा.

शांतवन म्हणजे दोघींचा धाकटा दीर. लग्न न केलेला, मऊ मातीच्या मनाचा, बोलण्यापेक्षा हसणारा माणूस. सकाळची भाकरी एका चुलीवर, रात्रीची दुसरीवर. दोघी जावा एकमेकींशी बोलत नसत. त्या शांतवनाशी बोलत. "भावजी, त्यांना सांगा, शेळी सुटलीय." "भावजी, तिला म्हणावं, मला डोळे आहेत." शेळी दोघींच्या समोरून पळत असायची, आणि शांतवन मध्ये उभा राहून, मान एकदा इकडे एकदा तिकडे वळवत, निरोप पोचता करायचा. ऐकणाऱ्याला हसू यायचं. त्याला कधी थकवा आला नाही.

मागच्या शनिवारी तो गेला. झोपेतच गेला. कबरीवर माती लोटताना दोघींनी आपापली मूठ टाकली, दोन बाजूंनी. आणि तेव्हापासून त्या अंगणात कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. शेळी सुटली, तर ती सुटलेलीच राहिली.

*

चर्चच्या अंगणात लिंबाची पानं गळत होती. पिवळी पानं, पोपडे धरलेल्या भिंती, पायऱ्यांवर निवत चाललेलं ऊन. फांदीला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर बुधवारचा टोला पडला आणि त्याचा जुना, गंजका, घोगरा नाद रानभर हिंडून आला.

दर बुधवारी दिवस कलताना इथे शास्त्राचा अभ्यास बसे. सतरंजी गोल पसरायची. घराघरात बायबल होतं, पण बुधवारी एकच पुस्तक उघडायचं: मोठ्या अक्षरांचं, जाडजूड, तांबड्या फडक्यात बांधलेलं. ते मांडीवरून मांडीवर जाई. ज्याच्या मांडीवर पुस्तक, त्याने एक ओवी वाचायची. ज्याला वाचता येत नाही, त्याने शेजाऱ्याच्या मागून म्हणायची. रीत एवढीच, आणि जुनी. काही वगळायचं नाही. कुणी गप्प बसायचं नाही. जिवंत माणसाने आवाज द्यायचा.

मौन होतं फक्त गेलेल्यांसाठी. कुणी वारलं, की त्यानंतरच्या पहिल्या बुधवारी त्याची घोंगडी त्याच्या जागी अंथरायची. फिरत फिरत पुस्तक तिथे आलं की ते घोंगडीवर ठेवायचं. त्याच्या वाट्याची ओवी कुणी वाचायची नाही. सगळ्यांनी मान खाली घालून ती न वाचलेली ओवी ऐकायची. त्या दिवशी त्या घोंगडीवर कुणी बसत नसे.

आज दुर्पदाबाई आणि ताबिथा यांच्या मध्ये एक काळी घोंगडी होती. कडेला लाल दोरा घातलेली. एका कोपऱ्यात विडीने पडलेलं भोक. त्या भोकातून सतरंजीचा निळा तुकडा डोकावत होता, मिटायचा राहिलेल्या डोळ्यासारखा.

पाळकसाहेब नवे होते, कोवळ्या वयाचे. त्यांनी पुस्तक उघडलं, पान पाहिलं आणि घुटमळले.

"आजचा अध्याय नुसत्या नावांचा आहे," ते म्हणाले. "यरुशलेमचा पडलेला कोट कुणी बांधला, कुणाच्या शेजारी कुणी बांधला, एवढंच. सगळ्यांची मनं जड आहेत. आज एखादं सांत्वनाचं स्तोत्र घेऊ या का?"

"साहेब," म्हातारी कडूबाई समोरून म्हणाली, "पंगतीत बसल्यावर कारलं वाढलं म्हणून ताटावरून उठायचं व्हय? शांतवनदादानं अख्ख्या शास्त्रातली कारली खाल्ली. वगळायचं न्हाई."

"तसं नाही, मावशी..."

"आन् नावं तुमच्याच जिभेला जड असतील, तर मी म्हणते की तुमच्या मागून. मला कुठं वाचता येतंय? दोघं मिळून बुडू."

थकल्या तोंडांवर हसू उमटलं आणि विझलं. पाळकसाहेबही हसले. पुस्तक फिरू लागलं.

*

नावामागून नाव आलं. वेशीमागून वेस आली. कुणी तुळया बसवल्या, कुणी अडसर लावले. सोनार होते, अत्तरवाले गांधी होते. हातोडी धरणारे हात, अत्तर गाळणारे हात. आणि प्रत्येक नावापुढे तोच एक शब्द, लाटेमागून लाट यावी तसा: त्याच्या शेजारी. त्याच्या शेजारी. त्याच्या शेजारी.

दुर्पदाबाई ओव्या मोजत नव्हती, पण तिच्या वाट्याला कोणतं नाव येणार हे तिला ठाऊक होतं. मागच्या बुधवारीच तिने पुढचं पान हळूच पाहून ठेवलं होतं. हरुमफ. आठवडाभर ते नाव तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं रुतलं होतं. दिराच्या तिरडीमागे चालतानाही रुतलं होतं.

कारण असंच एक नाव होतं. तेही असंच लांब, असंच परकं.

अक्षरं तिला उशिरा मिळाली. केस पांढरे व्हायला लागल्यावर मिळाली. आणि दिली ती ताबिथाने. मिशनच्या शाळेत शिकलेली थोरली जाऊ, चुलीपुढे परातीत पीठ पसरून, धाकटीचं बोट आपल्या बोटात धरून अक्षरं काढायची. पिठावर उमटलेला तो पहिला 'द'. पुसायला मन होईना. त्या रात्रीची भाकरी उशिरा झाली आणि गोड लागली. "लांब नावाला भिऊ नये गं," ताबिथा म्हणायची, "भाकरीसारखं मोडून खावं. एक एक घास." तेव्हा दुर्पदा तिला आक्का म्हणायची.

मग एका बुधवारी, याच गोलात, एका नावापाशी दुर्पदा अडखळली. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. आणि आक्का सगळ्यांदेखत हसून म्हणाली, "अक्षरं दिली बाई मी, अक्कल कुठून देऊ?"

गोल हसला. आक्का कदाचित लगेच विसरलीही. पण हसण्याचा तो भोवरा दुर्पदाच्या पायाखाली फिरला, आणि तिथली जमीन नंतर कधी बसली नाही. पुढच्या बुधवारी शांतवन काही न बोलता दोघींच्या मध्ये येऊन बसला होता. एवढंच भांडण. एवढ्यावर इतकी वर्षं.

पुस्तक तिच्या मांडीवर आलं. जड, ऊबदार, कितीतरी हातांनी गुळगुळीत झालेलं.

तिने बोट ठेवलं. नाव मोडलं. ह. रु. मफ. एक एक घास. ओवी पार झाली, बैलगाडी नदीपार व्हावी तशी. कुणी वाहवा केली नाही, कुणी करणारही नव्हतं. तिने पुस्तक उचलून घोंगडीवर ठेवलं.

आणि सगळ्यांच्या माना खाली झाल्या.

शांतवनाची ओवी. न वाचलेली. लिंबाचं एक पान गिरक्या घेत आलं, उघड्या पानावर टेकलं, थांबलं. वाऱ्याने सरकलं आणि उतरलं. कुठे तरी एक वासरू हंबरलं. एक माणूस जाऊन जगात जेवढी जागा रिकामी होते, तेवढी शांतता त्या गोलाच्या मध्ये येऊन बसली.

मग ताबिथाने हात पुढे केला. घोंगडी चाचपली. पुस्तक मांडीवर घेतलं.

आणि ती गप्प राहिली.

*

आधी सगळ्यांना वाटलं, दुःख दाटलं असेल. मग वाटलं, दम लागला असेल. मग कुणाला काही सुचेनासं झालं. लोक एकमेकांकडे पाहू लागले. गेलेल्याचं मौन संपलं होतं, आणि हे दुसरं मौन कुणाचं, ते कुणालाच कळेना.

"ताबिथाबाई," कडूबाई हळू म्हणाली, "जित्या माणसानं आवाज द्यावा, माय."

दुर्पदाबाईने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. ताबिथाचं बोट पानावर फिरत होतं. सुरकुतलेलं, पिठात अक्षरं काढणारं ते बोट. पण ते ओळीवर नव्हतं. ते कडेच्या कोऱ्या, पांढऱ्या पट्टीवर फिरत होतं. वर, खाली, पुन्हा वर. अंधाऱ्या माजघरात कडी शोधणाऱ्या हातासारखं.

आणि मग एकामागून एक सगळं उजळत गेलं. कुंपणावरून सरकणारा हात. घोंगडी चाचपणारी बोटं. आणि शांतवन. ताबिथाची पाळी आली की तिच्या बाजूला कलणारा, ओठ हलवणारा शांतवन. "शांतवनदादा, चघळता काय? सुपारी एकट्यानं खाऊ नये," म्हणून कडूबाई त्याला दर बुधवारी छेडायची, आणि तो नुसता हसायचा. सुपारी नव्हती ती. ताबिथाच्या ओव्या होत्या. तो सांगायचा आणि ती मोठ्याने म्हणायची, आणि शिकलेल्या सुनेचा तोरा शाबूत राहायचा. ज्या घरांचे निरोप तो पोचवत होता, त्यांतल्या एका घरातला दिवा विझला आहे, हे त्याने दुसऱ्या घराला कळू दिलं नव्हतं.

आता सांगणारा मातीत होता. स्तोत्र असतं तर ताबिथाने पाठ म्हटलं असतं. पण नावं कुणाला पाठ असतात?

गोल वाट पाहत होता. तोच गोल. तेच लिंबाचं झाड.

दुर्पदाबाईच्या ओठांशी ते वाक्य आलं. जपून ठेवलेलं, वर्षानुवर्षं आतून घासून लख्ख केलेलं. नुसतं उलटं करून टाकायचं होतं. गोल पुन्हा हसला असता. ती त्याला उचलायला गेली, आणि ते उचलेना. इतकं जुनं झालं होतं, इतकं जड. आणि तिचे हात इतके थकलेले. कुणासाठी वाहत आणलं होतं आपण हे, एवढ्या लांबून?

ती उठली. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत उठली, आणि घोंगडीवर बसली.

"अगं अगं!" कडूबाई ओरडली. "शांतवनाची जागा ती! आज तिथं कुणी बसतं व्हय?"

"भावजी जरा सरकतील," दुर्पदाबाई म्हणाली. "आयुष्यभर सरकूनच बसले की ते."



तिने ताबिथाचं बोट आपल्या बोटात धरलं. गार होतं ते. कोऱ्या पट्टीवरून तिने ते उचललं आणि ओळीच्या उंबऱ्यावर आणून ठेवलं.

"आक्का," ती म्हणाली.

ताबिथाची ताठ मान हलली. तिच्या डोळ्यांतले ते दुधाळ, धुकट मणी आवाजाच्या दिशेला वळले.

"दिसत नाही गं," अगदी खालच्या आवाजात ती म्हणाली. "लई दिवस झाले."

"कळलं. मी मोडून देते. तू खा."

मग एक कुजबुज आणि तिच्यामागून एक आवाज. एक घास आणि त्यामागून एक घास. त्याच्या शेजारी. *त्याच्या शेजारी.* हल्. लो. हेश. *हल्लोहेश.* त्याचा मुलगा शल्लूम. *त्याचा मुलगा शल्लूम.* आणि त्याच्या मुली. इथे ताबिथाचा आवाज चिरला. तिने तो सावरला, वर उचलला, आणि जुन्या मास्तरणीच्या खणखणीत, अभिमानी सुरात साऱ्या अंगणाला ऐकवलं, की त्या पडलेल्या कोटाचा एक तुकडा त्याने आणि त्याच्या मुलींनी बांधला.

पुस्तक पुढे गेलं. कडूबाईने पदराने नाक पुसलं आणि पुढच्या माणसावर खेकसली, "वाच की रे, काय बघतोस!"

*

उठायच्या वेळी ऊन संपलं होतं. रानावर उरला होता फक्त राखेचा, जांभळा, निवांत उजेड. बगळे कुठे निजले ते दिसत नव्हतं. पुस्तक तांबड्या फडक्यात मिटलं होतं.

गेलेल्याची घोंगडी त्याच्या घरी न्यायची असते. शांतवनाची घरं दोन होती. दुर्पदाबाईने घोंगडी झटकली, लांब धरली, आणि तिचं एक टोक ताबिथाच्या हातात दिलं.

"धर," ती म्हणाली. "पुढं दगड आहे."

"शेळी बांधलीस का?"

"आता बांधू."

फुफाट्याच्या मऊ वाटेने दोघी निघाल्या. पुढे एक, मागे एक. दोघींच्या मध्ये काळी घोंगडी, झोळीसारखी हलकेच झुलणारी. कुंपणावर आता हात नव्हता. वाट एक होती, चालही एक होती, थकलेली. आणि विडीच्या त्या भोकातून, घोंगडी झुलेल तसा, संध्याकाळचा उरलासुरला उजेड मिटत होता, उघडत होता, मिटत होता.