शेवटचा प्रवेश

दोन हजार दोनचा वैशाख. राजाभाऊंच्या लेकीच्या, सावनीच्या हळदीच्या दिवशी विमला सकाळपासून त्यांच्या मागच्या पडवीत नारळ खवत बसली होती. आंजर्ल्यातलं हे घर तिला माहेरासारखं. नवऱ्याची होडी दाभोळच्या खाडीत उलटली, त्यानंतर ती घराबाहेर पडेनाशी झाली होती. शाळामास्तर राजाभाऊंनीच तिला नाटकात आणलं. विधवेच्या पुनर्विवाहाचं नाटक त्यांनी खास तिच्यासाठी लिहिलं. परवा गावच्या उत्सवात प्रयोग झाला, तेव्हा शेवटच्या प्रवेशात सासू सुनेला कुंकू लावते त्या क्षणी अख्खं गाव रडलं. राजाभाऊंच्या पत्नी लीलाकाकूंनी तर रंगपटात येऊन तिला पोटाशी धरलं होतं.

घरापुढच्या खळ्यातल्या मांडवात सावनीला हळद लागू लागली, तशी हात धुऊन विमलाही उठली. हळदीच्या वाटीला तिची बोटं लागणार तोच लीलाकाकूंनी ती मागे घेतली.

“तू नको गो, विमल. सवाष्णींचं काम ते.”

“काकू, परवा तर तुम्ही...”

“ते नाटक होतं गो बाय. हे माझ्या लेकीचं लग्न.”

विमलानं राजाभाऊंकडे पाहिलं. ते चार पावलांवर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“यज्ञेश, पाहुण्यांचं चहापाणी बघ रे,” असं लेकाला सांगत ते पलीकडे वळले.

लीलाकाकूंच्या शब्दांपेक्षा ती पाठ तिला जास्त लागली.

मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या आग्रहाखातर संध्याकाळी देवळापुढे पुन्हा प्रयोग होता. विमलानं एकही वाक्य चुकवलं नाही. शेवटचा प्रवेश आला. सासूच्या भूमिकेतली गोदा करंडा घेऊन पुढे झाली, आणि विमलानं तिचा हात धरला.

“नको, गोदा. हे कुंकू पडदा पडेपर्यंतचं.” ती प्रेक्षकांकडे वळली. “सकाळी ज्यांनी मला हळदीच्या वाटीला शिवू दिलं नाही, ती माणसं इथं पुढच्याच रांगेत बसल्येत. माझं रडणं बघायला तुम्हाला आवडतं. मला शेजारी उभी करायला तेवढं नको.”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“वा! काय संवाद घातलाय भाऊंनी!” मागून कुणीतरी ओरडलं.

विमला बघतच राहिली. तिचं खरं बोलणंही लोकांनी नाटकातच जमा केलं होतं. लीलाकाकू तेवढ्या मान खाली घालून बसल्या होत्या.

विंगेतून राजाभाऊ बाहेर आले.

“टाळ्या थांबवा! हे मी लिहिलेलं नाही. आज सकाळी माझ्याच खळ्यात हे घडलंय, आणि मी तोंड फिरवलं. उद्या माझ्या मुलीची पहिली ओटी विमला भरील. ज्यांना चालणार नाही त्यांनी लग्नाला येऊ नये.”

टाळ्या विरल्या.

“हे सकाळी बोलायचं होतंत, भाऊ,” विमला हळूच म्हणाली, पण माईकमधून ते पार मागपर्यंत ऐकू गेलं. “आता तुम्हीसुद्धा रंगमंचावर उभे आहात.”

ती पायऱ्या उतरली आणि माणसांमधून चालू लागली. बायका पाय आखडून घेत तिला वाट देत होत्या. थांब म्हणायला एकीचाही हात पुढे झाला नाही.